सँगर सिक्वेन्सिंग : जेलवर एकच बँड, तरी क्रोमॅटोग्राममध्ये दुहेरी पीक. सल्ला हवाय

ओढ्याकाठची
नमस्कार. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या सीओआय (प्रजाती ओळखायला वापरतात त्या मायटोकॉन्ड्रियातल्या) जनुकावर काम करतेय. फोल्मरचे नेहमीचे प्रायमर (पीसीआरने डीएनएच्या प्रती काढताना सुरुवात करून देणारे छोटे तुकडे), जेलवर ७१० बेसच्या आसपास एकच ठसठशीत बँड. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएतल्या बेसचा क्रम वाचणं, बाहेरून करून घेतो. निम्म्या नमुन्यांच्या क्रोमॅटोग्राममध्ये (एक पीक म्हणजे एक बेस, असा आलेख) सुरुवातीपासून शेवटपर्यंत पीकवर पीक, काहींत सिग्नलच नाही. सिक्वेन्सिंगवाल्यांचं उत्तर येतं, 'टेम्प्लेट (म्हणजे आम्ही पाठवलेला डीएनए) खराब आहे'. पुन्हा डीएनए काढू का? पायाच्या स्नायूचा तुकडा थोडाच उरलाय, म्हणून आधी विचारतेय.

पिपेटवाला
स्नायूला अजिबात हात लावू नका. पीसीआर होतोय म्हणजे डीएनए कामाचा आहे. आधी एबी१ फाइल (क्रोमॅटोग्रामची मूळ फाइल) उघडा, नुसत्या अक्षरांवरून काही कळणार नाही. गोंधळ कुठून सुरू होतो ते बघा. पहिले ३०-४० बेस सगळ्यांचेच गढूळ असतात, ते सोडून द्या. ७०-८०च्या आसपास एखादा रुंद, बोजड पीक असेल तर तो धुतला न गेलेला रंग. ते काम सिक्वेन्सिंगवाल्यांचं, त्यांना तसं स्पष्ट सांगा. सुरुवात स्वच्छ आणि टी-टी-टीच्या लांब रांगेनंतर सगळं बिघडलं, तर पॉलिमरेज (डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) घसरलंय; पलीकडच्या प्रायमरने वाचून घ्या.

सुरुवातीपासूनच दुहेरी असेल तर पीसीआरचे प्रायमर उरलेत किंवा एकाच लांबीची दोन उत्पादनं आहेत. सिक्वेन्सिंगला एकच प्रायमर चालतो. दुसरा उरला की दोन्ही दिशांचं वाचन एकावर एक येतं. साफसफाई कशी केलीत?

ओढ्याकाठची
एक्सोनुक्लिएज आणि फॉस्फेटेज (उरलेले प्रायमर आणि सुटे न्यूक्लिओटाइड निकामी करणारी एन्झाइम्स), ३७ अंशांना १५ मिनिटं, मग ८०ला १५. सिग्नल न आलेले नमुने मात्र शुद्धीकरणाच्या कॉलममधून काढून टीई बफरमध्ये ठेवलेत. नॅनोड्रॉपवर (प्रकाश किती शोषला जातो त्यावरून डीएनए मोजणारं यंत्र) चांगले ६० नॅनोग्रॅम दिसतात.

मिलीक्यू
त्या टीईवर माझा पहिला संशय. त्यातलं ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं, आणि मॅग्नेशियमशिवाय पॉलिमरेज चालत नाही. पाण्यात किंवा १० मिलिमोलर ट्रिसमध्ये काढा. नॅनोड्रॉपच्या आकड्यावर विसंबू नका, तो उरलेले प्रायमर आणि सुटे न्यूक्लिओटाइडही मोजतो. क्यूबिट (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगावरून मोजणारं यंत्र) मिळत असेल तर त्यावर मोजा. नॅनोड्रॉपवरचं २६०/२३० हे शुद्धतेचं गुणोत्तर फार खाली असेल तर कॉलमच्या बफरमधलं ग्वानिडीन सोबत आलंय. एक वॉश जास्त द्या आणि रिकामा कॉलम पुन्हा फिरवून कोरडा करा. इथॅनॉल राहिलं की जेलमध्ये भरताना नमुना जेलच्या खाचेत बसत नाही, वर तरंगतो. हे डोळ्यांनी दिसतं, तेवढं बघत जा.

आणि 'जास्त पाठवलं की जास्त चांगलं' असं नसतं. ५०० ते १००० बेसच्या पीसीआर उत्पादनाला एका रिअॅक्शनला ५ ते २० नॅनोग्रॅम पुरतात. जास्त झालं तर सुरुवातीचे पीक उंच येतात आणि पुढे सिग्नल कोसळतो.

पिपेटवाला
ओढ्याकाठची, आता दुहेरी पीक जरा मोठे करून बघा. प्रायमर उरले असतील तर जवळजवळ प्रत्येक जागी गोंधळ दिसेल. मधूनमधूनच दुहेरी असतील तर गोष्ट वेगळी.

ओढ्याकाठची
मधूनमधूनच! बाकीचे एकेरी, अगदी स्वच्छ. निगेटिव्ह कंट्रोलही (डीएनए न घालता केलेला पीसीआर) कोरा आहे.

पिपेटवाला
मग न्यूमट्सची शक्यता मोठी. मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाचे तुकडे केंद्रकाच्या डीएनएत जाऊन बसतात, आणि कवचधारी प्राण्यांत ते बरेच सापडलेत. लांबी सारखी, म्हणून जेलवर बँड एकच. अॅनिलिंगचं (प्रायमर डीएनएला चिकटण्याचं) तापमान ग्रेडियंट लावून, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी तापमानं ठेवून, वाढवून बघा. स्वच्छ आलेल्या नमुन्यांवरून तुमच्या खेकड्यांसाठी खास प्रायमर बनवलेत तर सर्वात उत्तम. क्लोनिंग, म्हणजे एकेक प्रत जिवाणूत घालून वेगळी करणं, शेवटी.

प्रत्येक सिक्वेन्सचं प्रथिनात भाषांतर करून तपासा, पण जेनेटिक कोड ५ नंबरचा, अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाचा निवडा. त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. स्टँडर्ड कोड ठेवलात तर चांगल्या सिक्वेन्समध्येही स्टॉप (प्रथिन तिथेच थांबवणाऱ्या खुणा) दिसतील आणि तुम्ही ती फेकून द्याल. मध्येच खरा स्टॉप किंवा एका बेसची गळती दिसली, तर तो न्यूमट.

एक कळकळीची विनंती : दुहेरी जागी उंच पीक हाताने निवडून जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक साठ्यात) टाकू नका. पुढचा माणूस त्याच्याशी जुळवून आपली प्रजाती ठरवणार आहे.

ओढ्याकाठची
नाही टाकणार. उद्याच ग्रेडियंट लावते, ५० ते ५८ अंश. टीईतले नमुने पाण्यात घेऊन परत पाठवते आणि दोन्हींचे क्रोमॅटोग्राम इथेच टाकते.