ऑक्टोपसच्या मादीचा उपवास : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

ए-२०१, काकू : सकाळी मी पुढे पाठवलेल्या संदेशात खोल समुद्रातील ऑक्टोपसची मादी चार वर्षे अन्नाचा कणही न घेता अंडी राखते, असे लिहिले आहे. सर, आपण प्राणिशास्त्र शिकवले आहे, म्हणून विचारते : हे खरे, की मीठमसाला?

बी-१०३, सर : काकू, काळ तर संदेशात थोडा कमीच सांगितला आहे. कॅलिफोर्नियाजवळच्या माँटेरे घळीत सुमारे १,४०० मीटर खोलीवर ग्रॅनेलेडोन बोरिओपॅसिफिका या जातीची एक मादी २००७ साली कड्यावर अंडी राखताना आढळली. सागरी जीवशास्त्रज्ञ ब्रूस रॉबिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दूरनियंत्रित पाणबुडी पुन्हा पुन्हा तेथे उतरवली आणि अंगावरच्या व्रणांवरून ती तीच असल्याची खात्री करून घेतली. ५३ महिने ती जागची हलली नव्हती. ऑक्टोबर २०११ मध्ये मात्र अंड्यांची रिकामी कवचेच उरली होती. ‘कणही न घेता’ या शब्दांबाबत मी सावध राहीन, कारण पाणबुडी तेथे एकूण १८ वेळाच गेली. एवढे खरे, की ती खाताना कधीच दिसली नाही, यंत्राच्या हाताने पुढे केलेला खेकड्याचा तुकडाही तिने घेतला नाही आणि दरम्यान ती रोडावत, फिकट होत गेली.

सी-४०२, दादा : सर, उथळ पाण्यातील बहुतेक जातींची अंडी एक ते तीन महिन्यांत फुटतात ना? मग इथे एवढा वेळ का?

बी-१०३, सर : मुख्य कारण थंडी. तेथील पाणी सुमारे ३ अंश सेल्सिअस असते. त्यात गर्भाची वाढ रेंगाळते, पण मादीच्या शरीराचा खर्चही कमी होतो, म्हणूनच ती साठ्यावर तग धरत असावी. शिवाय पिल्ले अंड्यातच मोठी होऊन, शिकारीला तयार होऊनच बाहेर पडतात. थंडीचा हा हिशेब कॅलिफोर्नियाजवळच समुद्राखाली असलेल्या डेव्हिडसन सागरी पर्वतापाशी उलट बाजूने पडताळता आला. तेथे सुमारे ३,२०० मीटरवर दुसऱ्या एका जातीच्या हजारो माद्या २०१८ साली सापडल्या. भोवतालचे पाणी १.६ अंश, तरी खडकांच्या फटींतून जवळजवळ ११ अंशांपर्यंतचे ऊन पाणी झिरपते आणि माद्या नेमक्या त्या फटींशी दाटी करून बसतात. तेथे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. नुसत्या गार पाण्यात पाच वर्षे किंवा अधिक लागली असती.

ए-२०१, काकू : आणि शाई? माकूळ साफ करताना आमचे हात काळे होतात, तशी हिलाही असते का?

बी-१०३, सर : नाही. ग्रॅनेलेडोनला शाईची पिशवीच नसते, आणि कानांसारखे पर हलवत पोहणाऱ्या डंबो ऑक्टोपसलाही नसते. शाईने चकवायचे ते डोळ्यांनी शोधणाऱ्या शत्रूला; मिट्ट काळोखात तो ढग दिसणार कोणाला?

ए-२०१, काकू : मग ‘कणही न घेता’ हे शब्द काढून, ५३ महिने असे घालून संदेश पुन्हा पाठवते.