मुंबई–लंडन: अंतर तेच, मग जाताना जास्त वेळ का?

पार्लेकर:
आईबाबा नोव्हेंबरात मुंबईहून लंडनला जाताहेत, परत एप्रिलमध्ये. नेटवर अंतर ७,२०० किमी दिसतं. ताशी ९०० धरले तर आठ तास. तिकिटावर मात्र जाताना जवळजवळ दहा आणि येताना नऊ तास. असं का? शिवाय हीथ्रोहून त्यांना एडिंबराचं विमान घ्यायचंय, मध्ये किती वेळ ठेवू? जाणकारांनी सांगावं.

खारा वारा:
७,२०० हे गोलावरचं सगळ्यांत जवळचं अंतर. ती रेषा पाकिस्तान, इराण, काळा समुद्र आणि युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननेही एप्रिल २०२५ मध्ये भारतीय कंपन्यांना मनाई केली. म्हणजे वळसा आलाच, आणि तो कंपनीगणिक वेगळा.

पण जाता-येतानाचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, हिवाळ्यात जास्तच. सरासरी ६० किमीचा वारा धरा. जाताना समोरून, म्हणजे वेग ८४०: साडेआठ तास. येताना पाठीशी, ९६०: साडेसात. तास इथेच गेला. वरचा वेळ वळशाचा, चढण्या-उतरण्याचा आणि जमिनीवरचा.

तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात आणि उड्डाणासाठी रांग लागते. हीथ्रोवर उतरण्याआधी घिरट्या नेहमीच्याच. कंपन्या हे सगळं धरूनच वेळ छापतात, म्हणून उशिरा सुटलेलं विमानही कधीकधी वेळेवर पोचतं.

पार्लेकर:
आभार! दुपारी एकला निघून साडेपाचला पोचतात, हे साडेचारच तास कसे दिसतात?

घड्याळजी:
दोन्ही वेळा तिथल्या-तिथल्या आहेत. नोव्हेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी एकमध्ये दहा तास मिळवा, रात्रीचे अकरा. त्यातून साडेपाच वजा, संध्याकाळचे साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, म्हणून एप्रिलच्या परतीला फरक साडेचारच धरा. रात्री आठला निघाले तर इथे तेव्हा साडेबारा. नऊ तासांनी, सकाळी साडेनऊला मुंबईत.

खारा वारा:
एडिंबराचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. लंडनचं विमान लेट होऊन पुढचं चुकलं तर कंपनी दुसऱ्या विमानात बसवते. वेगळं तिकीट असेल तर चुकलेलं भाडं बुडतं, आणि सामान हीथ्रोला पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन करावं लागतं. ब्रिटनचं इमिग्रेशन दोन्ही प्रकारांत हीथ्रोलाच. वयस्कर मंडळी आहेत, तेव्हा एका पीएनआरवर तीन तास, वेगळ्या तिकिटांवर पाच तरी. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगमध्येच नोंदवा, काउंटरवर ऐनवेळी मागू नका. आणि तिकीट काढण्याआधी फ्लाइटरडार२४ या विमानांचा माग दाखवणाऱ्या साइटवर त्या फ्लाइट नंबरच्या मागच्या आठवड्याच्या प्रत्यक्ष वेळा बघा.