षटकोनी रोबोटला बंपर कसे बसवायचे? (एफआरसी रोबोटिक्स स्पर्धा, २०२४ चे नियम)

नोव्हायकर
मंडळी, मुलीच्या शाळेच्या एफआरसी (शाळकरी मुलांची रोबोट स्पर्धा) टीमला मेंटॉर म्हणून मदत करतोय, इथे मिशिगनमध्ये. किकऑफ झाला (म्हणजे यंदाचा खेळ जाहीर झाला) आणि पोरांनी दोन दिवसांत षटकोनी चेसिस, म्हणजे रोबोटचा सांगाडा, काढली, सहाही बाजू २० इंच, म्हणजे परिमिती बरोबर १२०, नियमातली कमाल. पुढच्या बाजूला नोट (खेळातलं फोमचं कडं) आत घ्यायला यू आकाराची खाच, तोंड १६ इंच. पोरं या आकारावर जाम खूश आहेत आणि डिफेन्स करणाऱ्याला टेकायला सपाट बाजू कमी मिळते हा त्यांचा मुद्दा मलाही पटतो. पण बंपरचं (प्लायवूड, फोम आणि कापडाचं कडेचं संरक्षण) गणित जमत नाहीये. खाचेच्या आतल्या भिंतींनाही बंपर लावायचे का? आणि १२० अंशाच्या कोपऱ्यात प्लायवूड कसं जोडायचं? बाजारातले एल ब्रॅकेट सगळे ९० चे.

ट्रॉयची_ताई
दादा, आधी दोरी घ्या. बंपर झोनच्या (बंपर ज्या पट्ट्यात बसायला हवा त्या) उंचीवर फ्रेमभोवती दोरी ताणून गुंडाळायची, ती जिथून जाते ती तुमची फ्रेम परिमिती. दोरी खाचेत शिरत नाही, तोंडावरून सरळ पलीकडे जाते, त्यामुळे आतल्या भिंतींना बंपर लागत नाहीत.

खरी अडचण दुसरीच आहे. बाहेरच्या प्रत्येक कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना किमान ६ इंच बंपर हवाच. २० इंचाच्या बाजूतून दोन्हीकडचे ६-६ वजा केले की उरतात ८, आणि यंदाची नोट १४ इंच व्यासाची! म्हणजे खाच १६ ची कापलीत तरी बंपरमधली फट ८ च्या वर नेता येत नाही, नोट आत यायचीच नाही. पोरांना हे कार्डबोर्ड कापून दाखवा, कॅडमध्ये बघून डोक्यात शिरत नाही.

पुढची आणि मागची बाजू २८ करा, चार तिरक्या साडेपंधरा, एकूण ११८. फट १६ मिळते, कोन १२० चेच राहतात आणि इन्स्पेक्शनला २ इंच हाताशी राहतात. १२० काठोकाठ ठेवू नका, वेल्डिंगनंतर फ्रेम कधीच कॅडइतकी नेमकी येत नाही.

खटपट्या
ताईंचं गणित बरोबर आहे, पण त्या आकारात मधली रुंदी साडेत्रेचाळीस इंच होते, मैदानावरच्या स्टेजच्या पायांमधून जायचं असेल तर आधी मोजा. मी तर म्हणेन २० चा षटकोन ठेवा (बाजू अर्धा इंच कमी करून) आणि नोट बंपरच्या खालून घ्या. बंपर जमिनीपासून साडेसात इंचाच्या आत हवा, उंची ५, म्हणजे पूर्ण वर चढवला तर खाली अडीच इंच मोकळे आणि नोट २ इंच जाड, जाते आरामात. मग पुढे फट ठेवायचीच गरज नाही. फक्त एक बघा, बंपरच्या मागे आधार हवा, ८ इंचापेक्षा रुंद पोकळी चालत नाही, त्यामुळे खाचेच्या तोंडावर एक आडवा बार लागणारच आणि तोही नोटच्या वरच्या उंचीला.

कोपऱ्याचं सोपं आहे. पाऊण इंची प्लायच्या दोन्ही टोकांना ३० अंशाचा तिरका काप, बाहेरची कड आतल्यापेक्षा प्रत्येक टोकाला ११ मिमी लांब ठेवायची, हे विसरलं की बाहेर पाचर उघडी राहते. ब्रॅकेट विकत घेऊ नका, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी व्हाइसमध्ये धरून ६० अंशाने वाकवा. फोमचं नूडल कोपऱ्यावर कापायचं नाही, १२० ला ते अख्खं वळतं. कापड ओढताना बाजूच्या मधोमध पहिली स्टेपल, मग दोन्हीकडे सरकत जा, कोपरा सगळ्यात शेवटी, तिथली जास्तीची घडी वरून-खालून पाठीमागे घ्या, म्हणजे समोर चुणी येत नाही.

नोव्हायकर
८ इंचांचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद ताई. आज पोरांना दोन्ही आकार दाखवले, खालून घ्यायचंच ठरतंय. आणि जो आकार पूर्ण गोल असतो त्याचं काय? एक मुलगा विचारत होता.

ट्रॉयची_ताई
गोल भागाला अगणित कोपरे धरतात, तिथे फट अजिबात नाही, सगळीकडून बंपर. आणि हो, खालून घेणार असाल तर अडीच इंच रोबोटमध्ये बॅटरी बसवून, मॅचला उतरायच्या स्थितीत मोजा. नोट २ ची, हातात फक्त अर्धा इंच आहे, चाकं झिजली की तोही कमी होतो.