'धीर धरणे' आणि 'आशा धरणे' : धरायचं म्हणजे नक्की काय?

सगळ्यांना सलाम. एक शब्द बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून इथे मांडतेय, जरा लांबण लागेल.

आईचं डायलिसिस सुरू होऊन चौदा महिने झाले. आठवड्यातनं तीन वेळा, दर वेळी चार तास, आणि त्यातच माझी नोकरी गेली. भेटायला येणारं प्रत्येक माणूस निघताना दारात 'धीर धरा' म्हणून जातं. प्रेमानेच म्हणतात, मला माहितीये, पण परवा मशीनशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या मनात आलं की धीर धरायचा म्हणजे हातात नेमकं धरायचं काय? कारण आपल्या भाषेत बघा ना, धीर धरतो, आशा धरतो, तग धरतो. आणि मग धीर सुटतो, आशा सुटते. म्हणजे ही दोन्ही हाताने पकडायची आणि हातातून निसटू शकणारी गोष्ट आहे असंच भाषा मानून चाललीय. पण विश्वास मात्र आपण धरत नाही, विश्वास 'ठेवतो'. श्रद्धाही ठेवतो. हा फरक उगाच पडला असेल असं मला वाटत नाही.

बायबलमध्ये तर आशा, धीर, विश्वास पानोपानी आहेत. मूळ भाषांमध्ये कुठले शब्द आहेत, आणि तिथेही हे धरणं-सुटणं आहे का, कुणाला माहीत असेल तर सांगा. मला खरंच हवंय हे, नुसती उत्सुकता म्हणून विचारत नाहीये.

प्रतिसाद १

ताई सलाम. आईंसाठी प्रार्थनेत आहे.

थोडंफार हिब्रू शिकलोय त्यावरून सांगतो, आणि तुमचा प्रश्न वाचून मी खुर्चीतून उठलोच, कारण उत्तर चक्क दोरीचं आहे. हिब्रूत आशेला 'तिक्वा' म्हणतात. आता यहोशवाच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. यरीहो शहरातली राहाब इस्राएलच्या दोन हेरांना लपवते, मग ते तिला सांगतात की खिडकीला किरमिजी दोरी बांध, म्हणजे तू आणि तुझ्या घरचे वाचाल. त्या दोरीला तिथे जो शब्द आहे तो 'तिक्वा'च आहे! तोच शब्द, एकदा दोरी आणि बाकी ठिकाणी आशा. ती दोरी बांधून राहाब त्याच गावात, त्याच तटाच्या भिंतीतल्या घरात राहिली, आणि भिंत पडली ती थेट सहाव्या अध्यायात. मधले दिवस तिने कसे काढले ते लिहिलेलं नाही. खिडकीला दोरी होती एवढंच.

याचं क्रियापद 'कवाह', त्याचं नातं पीळ दिलेल्या, ताणलेल्या दोरीशी लावतात. आणि गंमत बघा, याच एका क्रियापदाला मराठीत दोन शब्द पडतात. स्तोत्र २७:१४ मध्ये परमेश्वराची 'प्रतीक्षा' कर असं येतं आणि यशया ४०:३१ मध्ये तेच क्रियापद 'आशा धरून राहणारे' असं होतं, ते गरुडासारखे पंखांनी वर उडतील तिथलं. म्हणजे हिब्रू माणसाला वाट पाहणं आणि आशा धरणं ही दोन वेगळी कामं वाटतच नव्हती. आपल्याला वाटतात, कारण वाट पाहणं आपल्याला रिकामं बसणं वाटतं.

नव्या करारातला धीर वेगळा. ग्रीक शब्द 'हुपोमोने', हुपो म्हणजे खाली आणि मेनो म्हणजे राहणे. ओझ्याखाली टिकून राहणे, खालून निसटून न जाणे. आणि त्याच्या जोडीला जे 'संकट' येतं ना, रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा अशी जी साखळी आहे, त्यातलं संकट म्हणजे 'थ्लिप्सिस', त्याचा मूळ अर्थ दाबणे, चेपणे. वरून दाब, खाली माणूस, आणि माणूस तिथेच.

एक मात्र सांगून ठेवतो, हुपोमोने म्हणजे तोंड मिटून सोसणे नव्हे. याकोबाच्या पत्रात याच शब्दाने, सगळं गमावून बसलेल्या ईयोबाची आठवण काढलीय (५:११), आणि ईयोब गप्प कुठे बसला होता? ४२ अध्यायांच्या पुस्तकाचा मोठा भाग तो वाद घालतोय, थेट देवाशी. तरी त्याला धीराचा माणूस म्हटलंय. त्यामुळे 'धीर धरा' याचा अर्थ 'रडू नका, बोलू नका' असा कुणी लावत असेल तर तो त्या शब्दावर अन्याय आहे.

प्रतिसाद २

मध्येच विचारतो. इब्री ६:१९ मध्ये आशा म्हणजे 'जिवाचा नांगर' आहे. लहानपणी मी शेतातला नांगर समजायचो, आशेने जमीन नांगरायची असं काहीतरी. पुष्कळ वर्षांनी कळलं की जहाजाचा नांगर. तुम्हा कुणाचं असं झालंय का?

प्रतिसाद १ मधला परत

झालंय की दादा, माझंही झालंय. मूळ ग्रीकमध्ये जहाजाचाच आहे, त्यात शंका नाही. रोममधल्या प्राचीन भुयारी दफनभूमींत सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी थडग्यांवर नांगराची खूण कोरलेली आहे, तीही हीच. पण त्याच्या आधीचं १८ वं वचन बघा, पुढे ठेवलेली आशा 'धरून' राहण्याबद्दल आहे आणि तिथलं ग्रीक क्रियापद घट्ट पकडण्याचं आहे. म्हणजे ताईंचा 'धरणे' ग्रीकमध्येही आहेच. आणि नांगर टाकला म्हणून जहाज हलायचं थांबत नाही बरं का, हलतं, पण वाहून जात नाही. नांगर तर पाण्याखाली, दिसतही नाही.

बाकी शेतातल्या नांगराचा अर्थ चुकीचा असला तरी मला तो टाकवत नाही. स्तोत्र १२६ मध्ये रडत रडत बी पेरणारा माणूस आहेच ना.

प्रतिसाद ३

बाळा, तुझं लिहिलेलं वाचलं. मी काही हिब्रू-ग्रीक शिकलेली नाही, मराठीचंच सांगते.

आपण 'चांगले दिवस येतील' म्हणतो, 'दिवस पालटतील' म्हणतो, 'हेही दिवस जातील' म्हणतो. पण 'दिवस गेले' याचा आपल्या बायकांच्या बोलण्यात आणखी एक अर्थ आहे, तो तुला माहीत असेलच. तिला दिवस गेलेत म्हणजे तिच्या पोटी बाळ आहे. आणि मग 'दिवस भरले' म्हणजे वेळ आली. दुसऱ्या कुठल्या भाषेत असं आहे की नाही मला ठाऊक नाही, पण आपल्या भाषेत दिवस नुसते सरत नाहीत, ते कुणालातरी 'जातात' आणि मग भरतात.

रोमकरांस पत्राचा ८ वा अध्याय मी या अर्थाने वाचते. सगळी सृष्टी कण्हतेय आणि वेदना भोगतेय असं २२ व्या वचनात आहे, त्या वेदना म्हणजे बाळंतपणाच्या वेणा. मरणाच्या नाहीत. आणि लगेच २४-२५ मध्ये आशेचं येतं, की जे दिसतं त्याची आशा कोण धरतो, न दिसणाऱ्याची धरतो आणि धीराने वाट पाहतो. आपल्या येशूनेही पकडला गेला त्याच रात्री शिष्यांना हेच उदाहरण दिलं, योहान १६:२१, बाई बाळंत होताना दुःखी असते आणि मूल झालं की ते दुःख तिला आठवत नाही. त्या रात्री स्वतःच्या डोक्यावर वधस्तंभ असताना त्याला बाळंतीण आठवली. मी चार बाळंतपणं काढलीत, मला ते वचन आलं की पुढे वाचवत नाही.

अजून एक बोलू का, रागावू नका कुणी. यिर्मया २९:११ सगळे सगळ्यांना पाठवतात, देवाच्या मनात तुमच्या हिताच्या योजना आहेत ते. खरंच आहे ते वचन. पण त्याच्या आधीचं दहावं कुणी पाठवत नाही, त्यात सत्तर वर्षं लिहिलीत. सत्तर! बाबेलात (बॅबिलोनमध्ये) कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्रातून सांगितलं की घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा. ज्यांनी ते पत्र ऐकलं त्यातले कितीतरी परत आलेच नसतील. त्यांच्यासाठी चांगले दिवस म्हणजे तिथे लावलेली बागच. दुखणेकऱ्याच्या उशाशी हे वचन द्यायचं तर दोन्ही ओळी द्याव्यात, अर्धी दिली की माणूस महिन्याभरात दिवस मोजायला लागतो आणि मग स्वतःच्याच विश्वासावर शंका घेतो.

मूळ लेखिका

मावशी, 'दिवस जाणे' मला सुचलंच नव्हतं. दोनदा वाचलं.

सत्तर वर्षांचं तुम्ही बोललात म्हणून मला धीर आला सांगायला, की माझे 'चांगले दिवस' पुढे नाहीतच, ते मागे आहेत. मला आई कोयर प्रॅक्टिसला सगळ्यांच्या वरच्या सुरात गायची ते दिवस हवेत. म्हणजे ही आशा आहे की नुसती आठवण, की हळहळ? मराठीत 'आस' म्हणतात ती हीच का? उपदेशक ७:१० मध्ये तर स्पष्ट आहे, पूर्वीचे दिवस यांच्यापेक्षा बरे का होते असं विचारू नको, हा प्रश्न शहाणपणाचा नाही. ते वाचून मला अपराधी वाटायचं.

पण मग ईयोबाचा २९ वा अध्याय सापडला, तो संपूर्ण तेच करतोय, गेलेले महिने परत हवेत म्हणतोय, देव माझ्या घरात होता, मुलं भोवती होती ते दिवस. आणि स्तोत्र १३, पहिल्या दोनच वचनांत चार वेळा 'कोठवर'. हेही शास्त्रातच आहे. मग मी असं ठरवलं की उपदेशक प्रश्न विचारायला मना करतो, रडायला नाही.

सगळ्यात जास्त मला लूक २४:२१ लागलं. येशू वधस्तंभावर गेल्यानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर चाललेले त्याचे ते दोघे शिष्य. 'आम्ही आशा धरली होती.' होती! तीन दिवसांत वर्तमानकाळ भूतकाळ झाला. ग्रीकमध्ये तिथे अपूर्ण भूतकाळ आहे असं एका बायबल स्टडीत ऐकलं होतं, म्हणजे 'आशा धरत आलो होतो', बराच काळ. आणि हे ते ज्याला सांगतायत तो येशू स्वतःच बाजूने चालतोय, त्यांना ओळख न पटता. तो त्यांना मध्ये तोडत नाही, आधी विचारतो काय झालं, सगळं ऐकून घेतो, आणि मगच बोलायला लागतो.

प्रतिसाद ४

ताई, 'ठेवणे' राहिलंच की, त्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

विश्वास 'ठेवतो' यातला ठेवणे म्हणजे मला तरी 'ठेव' वाटते. आपली मोलाची वस्तू दुसऱ्याच्या हवाली करणे. २ तीमथ्य १:१२ मध्ये पौल म्हणतो की मी ज्याच्यावर विश्वास ठेवलाय त्याला मी ओळखतो आणि तो माझी ठेव त्या दिवसापर्यंत सांभाळेल. तिथला ग्रीक शब्द 'पाराथेके' म्हणजे अगदी ठेवच, दुसऱ्याकडे राखायला दिलेली. हे तो बेड्यांत असताना लिहितोय. मराठीत विश्वास ठेवणे आणि ठेव एकाच वचनात शेजारी येतात, ते मूळ ग्रीकमध्येही असं कानाला जुळत नाही, हे आपल्या भाषेचं देणं आहे. मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतं की धरायची ती आशा, आणि स्वतःला ठेवायचं त्याच्या हातात. माझी पकड ढिली झाली तरी ठेव बुडत नाही, कारण ती माझ्या हातात नाहीच.

आणि हिब्रूत विश्वासाला 'एमुना'. 'आमेन' त्याच धातूचा. निर्गम १७:१२ वाचा, लढाई चालूय, मोशेचे हात वर असले तर इस्राएल जिंकतो, आणि हात तर भरून आलेत. मग त्याच्या बुडाखाली धोंडा देतात, अहरोन आणि हूर दोघे दोन बाजूंनी हात धरून ठेवतात, आणि सूर्य मावळेपर्यंत ते हात स्थिर राहिले असं लिहिलंय. ते 'स्थिर' म्हणजे एमुना. अख्ख्या बायबलात हा शब्द पहिल्यांदा येतो तो असा, दुसऱ्यांनी धरून ठेवलेल्या दमलेल्या हातांसाठी. मराठीत 'धीर देणे' आहे ना, ते हेच. धीर धरायला सांगता येतो, पण द्यायचा तर जवळ जाऊन हाताखाली हात घालावा लागतो.

पंडिता रमाबाईंची आठवण येते मला अशा वेळी. तरुणपणी आई-वडील उपासमारीत गेले, मग बहीण, भाऊ, लग्नानंतर दोन वर्षांत नवरा. पुढे मूळ भाषा शिकून बायबल मराठीत आणायला बसल्या, आणि ते काम हातात असतानाच १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या. छापलेलं बायबल लोकांच्या हातात आलं ते १९२४ मध्ये. आशेला आणि धीराला साधं मराठी काय म्हणावं हे त्या भाषांतरात ज्या बाईने ठरवलं तिचं आयुष्य असं होतं, एवढंच सांगायचं होतं.

मूळ लेखिका

मोशेचे हात वाचून लगेच उत्तर लिहायला घेतलं होतं, जमलं नाही, म्हणून आज लिहितेय.

सुई टोचताना आई माझी दोन बोटं धरते, मधलं आणि अनामिका, चौदा महिने तीच दोन. नखं रुततात इतकं घट्ट. प्रार्थना मोठ्याने म्हणायला आता तिला दम लागतो त्यामुळे नुसते ओठ हलतात. गुरुवारी तिसऱ्या तासाला तिचं बीपी एकदम उतरलं, चेहरा पांढरा, आणि मुठीतला जोर गेला. सिस्टरने पलंगाचं पायथं वर केलं, सलाईन जोडलं, मी बाजूला व्हायचं विसरून तिचा हात दोन्ही हातांत धरून उभी. दहाएक मिनिटांनी तिने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारावं, 'मी हात सोडला होता का गं?'

म्हटलं, 'हो. मी धरला होता.'

ती बरं म्हणाली आणि झोपली.

शनिवारी परत जायचंय, तेव्हा तिला राहाबेच्या दोरीचं सांगणार आहे.