आण्णा म्हणतात "मला मोकळं कर", पण बंद करायला मशीनच नाहीये

सिडकोकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आमचे आण्णा, वय ७४, स्वादुपिंडाचा कॅन्सर, लिव्हरमध्ये पसरलाय. मुंबईच्या डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं की आता केमोचा उपयोग नाही, घरी न्या, मागतील ते खाऊ घाला. तेव्हापासून हॉलमध्ये भाड्याचा बेड लावलाय. आण्णा अंबडला एका कंपनीत ३१ वर्षं टूलरूमला होते, मायक्रॉनमध्ये काम करणारा माणूस, बोलणं पण तसंच, मोजून. मागच्या मंगळवारी पहाटे साडेतीनला हाक मारली, आई झोपलेली, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "बाळा, मला मोकळं कर." मी म्हटलं आण्णा असं बोलू नका. तर म्हणाले, "बोलू नका म्हणणं सोपंय रे, तू उत्तर दे." माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही.

मग वाचायला लागलो. सुप्रीम कोर्टाने मार्च २०१८ मध्ये सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधलाच, म्हणजे जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण परवानगी फक्त उपचार थांबवायची, म्हणजे व्हेंटिलेटर काढणं वगैरे. आता आण्णांना कुठे काय लावलंय? साधी सलाईनसुद्धा नाही. म्हणजे जो आयसीयूत बेशुद्ध पडलाय त्याची सुटका होऊ शकते आणि जो पूर्ण शुद्धीत हात धरून मागतोय त्याची नाही. नेदरलँड्समध्ये २००२ पासून, कॅनडात २०१६ पासून कायद्याने डॉक्टर मदत करतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये १९९७ पासून कायदा आहे, आयुष्य सहा महिन्यांच्या आत असल्याचं दोन डॉक्टरांनी ठरवलं तर औषध लिहून देतात, घ्यायचं मात्र पेशंटने स्वतः.

मला काही करायचं नाहीये, गैरसमज नको. फक्त विचारायचंय की मशीन काढून मरू देणं आणि मागणाऱ्याला मरायला मदत करणं, यात खरंच एवढं अंतर आहे का की एक हक्क ठरावा आणि दुसरा गुन्हा?

वकिली_सीबीएस

आधी कायद्याचं स्पष्ट सांगतो कारण रात्री तीन वाजता माणूस काहीही विचार करतो. पेशंटने स्वतः मागितलं, लिहून दिलं, तरी औषध देणाऱ्यावर गुन्हा होतोच. संमतीने शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही. आणि नुसती मदत केली तरी भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ आहे, आत्महत्येला मदत करण्याचं.

पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे आणि ती आण्णा शुद्धीत आहेत तोवरच करता येईल. लिव्हिंग विल, म्हणजे पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं. आज मशीन नाही हे खरं, पण लिव्हर बिघडलं की माणूस बरळायला लागतो, घरचे घाबरतात, ॲम्ब्युलन्स येते आणि तासाभरात नळी घातलेली असते. मग ती काढायला दोन मेडिकल बोर्ड लागतात. २०१८ च्या निकालात मॅजिस्ट्रेटसमोर सही करायची होती म्हणून कोणी करतच नव्हतं, जानेवारी २०२३ मध्ये कोर्टाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर चालतो, बोर्डांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. एक कॉपी महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे, आणि एक घरात अशा जागी ठेवा की घाईत सापडेल.

तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत, कोर्टाने रेघ जिथे ओढली ती नैतिकतेपेक्षा सोयीची आहे. पण कुठेतरी ओढावीच लागते.

आयसीयूतली_ताई

दादा, बाकी सगळं नंतर, आधी एक सांगा. पहाटे साडेतीनला बोलले ना? रात्रीची शेवटची गोळी किती वाजता देता आणि पुढची किती वाजता?

मी १९ वर्षं आयसीयूत आहे. मॉर्फिनची साधी गोळी चार तास पुरते. घरी काय होतं की दहाला देतात आणि सगळे दमलेले असतात म्हणून एकदम सकाळी सहाला. मग दोननंतर त्या माणसाचं काय होत असेल ते तोच जाणे. रात्रीच्या डोसचं वेगळं गणित असतं, पॅलिएटिव्हवाल्या, म्हणजे दुखणं कमी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने वाढवू नका. आणि सवय लागेल म्हणून कोणी घाबरवलं तर ऐकू नका. सोबत पोट साफ व्हायचं औषध रोज पाहिजेच, नाहीतर त्या त्रासानेच माणूस गोळी नको म्हणतो.

आता तुमचा प्रश्न. व्हेंटिलेटर काढला तेव्हा मी चार-पाच वेळा शेजारी उभी होते. जड जातं, पण घरी जाऊन झोप लागते, कारण त्या माणसाला त्याचा आजार घेऊन गेला, आम्ही फक्त वाटेतून बाजूला झालो. इंजेक्शन माझ्या हातात द्याल तर मी नाही देऊ शकणार. केईएम हॉस्पिटलच्याच नर्स अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ मध्ये हल्ला झाला, त्या कधी पूर्ण शुद्धीवर आल्या नाहीत, मे २०१५ मध्ये गेल्या, जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसनी त्यांना सांभाळलं आणि २०११ मध्ये कोर्टात दयामरणाला विरोध केला तो त्याच हॉस्पिटलने. लोक म्हणतात हा हट्ट होता. मला तसं म्हणवत नाही, रोज अंग पुसणाऱ्या हाताला विचारा.

द्राक्षबाग_निफाड

ताईंशी सहमत पण माझं कारण वेगळंय. आमच्याकडे म्हातारी माणसं "उचल रे देवा आता" हे रोज म्हणतात, चहा दिला की विसरतात. कायदा आला तर हे वाक्य कोण कसं ऐकेल याची मला भीती आहे. माझ्या चुलत आत्याचा अंगठा हक्कसोडपत्रावर कसा घेतला ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तिला वाटलं पेन्शनचा कागद आहे. ज्या घरात सातबाऱ्यासाठी असं होतं त्या घरात मरणाच्या कागदावर अंगठा घ्यायला किती वेळ लागेल? आणि औषधपाण्याला दोन एकर विकायची वेळ आली की म्हातारा स्वतःच म्हणणार मला जाऊ द्या. ती त्याची इच्छा म्हणायची का?

पंचवटीची_मावशी

सगळ्यांचं वाचलं, पण दुखणं आटोक्यात आलं की मागणं संपतं हे प्रत्येकाचं खरं नाही. माझ्या बहिणीला मोटर न्यूरॉनचा आजार होता. दुखत नव्हतं तिला. हात गेले, मग पाय, मग बोलणं, डोकं मात्र लख्ख. शेवटचे सात महिने पुठ्ठ्यावर बाराखडी लिहिली होती, मी अक्षरावरून बोट फिरवायचे, तिला हवं ते अक्षर आलं की ती डोळे मिटायची. "बास" हा शब्द तिने इतक्यांदा लिहिला की पुढे पुढे मी 'ब' वर आले की माझंच बोट थांबायचं. तिच्यावर ना कोणाचा दबाव होता ना जमिनीचा प्रश्न.

आपल्याकडे हे अगदी परकं आहे असं पण नाही ना. आपल्या भगूरच्या सावरकरांनी १९६६ मध्ये प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण पत्करलं, विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्नपाणी आणि औषध सोडलं, आपण हात जोडतो. जैन समाजाच्या संथाऱ्यावर, म्हणजे उपास करत मरण स्वीकारायच्या व्रतावर, राजस्थान हायकोर्टाने २०१५ मध्ये बंदी घातली तर त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टाने स्थगिती दिली. म्हणजे जो स्वतः अन्न सोडू शकतो तो महात्मा. माझ्या बहिणीला तर नळीने भरवायचो, नको म्हणायला तोंड फिरवणंही तिच्या हातात नव्हतं. तिने कोणाकडे मागायचं होतं? निफाडवाल्या भाऊंची भीती खरी आहे, पण लबाडांसाठी कुलूप लावताना माझी बहीण आत राहिली.

सिडकोकर

ताई, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. दहाला आणि सहाला. मी स्वतःच देत होतो आणि आईला उठवायला नको म्हणून मध्ये देत नव्हतो. डॉक्टरांनी रात्रीचा डोस बदलून दिला. शुक्रवारपासून आण्णा पाच-साडेपाचपर्यंत झोपतात, काल उठून आल्याचा चहा मागितला, तीन घोट घेतला.

मावशी, तुमचं वाचून बायको आणि मी बराच वेळ काही बोललो नाही.

काल मीच विषय काढला. म्हटलं आण्णा, त्या रात्री बोललात ते दुखत होतं म्हणून का? ते म्हणाले, "दुखत होतं म्हणून बोललो. पण म्हणणं मागे घेतलेलं नाही." आणि डोळे मिटले.

आज लिव्हिंग विल झालं. ओळखीचे नोटरी घरी आले, शेजारचे काका आणि आण्णांचे टूलरूममधले एक मित्र साक्षीदार. आण्णांनी भिंग घेऊन तीन पानं वाचली, पाऊण तास लागला. एका ठिकाणी मी "शक्यतो व्हेंटिलेटर लावू नये" असं लिहिलं होतं. पेन मागितलं, हात थरथरत होता तरी "शक्यतो" वर सरळ रेघ मारली, बाजूला छोटी सही केली आणि मग खाली मोठी.