मागच्या एक्सलसाठी लॉकर निवडताना मजबुती कशी तोलावी?

कोथरूडकर_फोरबायफोर:
नमस्कार. माझ्या गाडीचा मागचा डिफरन्शियल (इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारा गिअरसंच) ओपन, म्हणजे लॉक नसलेला आहे. गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीकडच्या एका कच्च्या चढावर मागचे एक चाक अधांतरी झाले. ते नुसते गरगरत राहिले आणि जमिनीवर टेकलेले चाक जागचे हलेना. त्यामुळे आता दोन्ही चाके एकत्र फिरवणारा लॉकर बसवण्याचे ठरवले आहे. हवेच्या दाबावर चालणारा एआरबी, विजेवर चालणारा ईटनचा ई-लॉकर, आपोआप लागणारा डेट्रॉइट आणि डिफरन्शियलच्या मूळ केसमध्येच (कवचातच) बसणारा लंचबॉक्स लॉकर, यांपैकी सर्वांत मजबूत कोणता? पुढे 31 इंची टायर घालण्याचाही विचार आहे.

भोसरीचा_टर्नर:
लॉकरच्या आधी हाफ शाफ्टकडे (डिफरन्शियलपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याकडे) पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. ओपन डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो, म्हणून एक चाक हवेत गेले की दुसऱ्यालाही फारसे काही मिळत नाही. गाडी अडकते, पण शाफ्ट मात्र वाचतो. लॉक लागला की हे संरक्षण संपते. मागच्या एक्सलवर 1,000 किलो भार, जमिनीची पकड 0.8 आणि 31 इंची टायरची त्रिज्या 0.39 मीटर धरली, तर दोन्ही चाके टेकलेली असताना प्रत्येक शाफ्टवर सुमारे 1,530 न्यूटन-मीटर येतात आणि एक चाक उचलले गेले की उरलेल्या एकट्या शाफ्टवर सुमारे 3,060. फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेग, पण जास्त जोर देणाऱ्या स्थितीत) पहिल्या गिअरला एवढा टॉर्क इंजिन सहज देते.

माझ्या टेबलावर असाच एक तुटलेला शाफ्ट ठेवला आहे. त्याच्या स्प्लाइनच्या (टोकाच्या दातेरी भागाच्या) खाचा मुळात सरळ होत्या. आता त्यांना सुंभासारखा पीळ पडला आहे. म्हणजे तो एका झटक्यात तुटलेला नाही, आधी अनेकदा पिळला गेला होता. जाडी 10 टक्क्यांनी वाढवली तर पीळ सोसण्याची ताकद सुमारे 33 टक्क्यांनी वाढते, मात्र जाडी स्प्लाइनच्या खाचेच्या तळाशी मोजावी.

सह्यवाट:
वरील मताशी मी पूर्ण सहमत आहे. तरीही लॉकरांच्या रचनेत फरक आहे आणि तो लक्षात घ्यायलाच हवा. एआरबी आणि ई-लॉकर एका बाजूचा साइड गिअर (त्या बाजूच्या शाफ्टला फिरवणारा गिअर) केसला जखडतात. त्या बाजूचा टॉर्क थेट जातो, पण दुसऱ्या बाजूचा स्पायडर गिअरांतूनच (दोन्ही साइड गिअरांना जोडणाऱ्या छोट्या गिअरांतूनच) जावा लागतो, म्हणून त्या गिअरांची आणि ते ज्यावर बसतात त्या क्रॉस पिनची ताकद इथे महत्त्वाची ठरते. डेट्रॉइटमध्ये स्पायडर गिअरच नसतात. दातेरी क्लच थेट पकडतात, त्यामुळे केवळ मजबुती पाहायची तर मी त्यालाच वर ठेवीन. लंचबॉक्स मूळ केस आणि मूळ क्रॉस पिनवरच उभा असतो. 31 इंची टायरसाठी तो मी सुचवणार नाही.

कोथरूडकर_फोरबायफोर:
मनःपूर्वक आभार. थारमध्ये येतो तसा आपोआप लागणारा मेकॅनिकल लॉक या हिशेबात कुठे बसतो?

सह्यवाट:
तो दोन चाकांच्या गतीत मिनिटाला सुमारे 100 फेऱ्यांचा फरक पडल्यावर लागतो, म्हणजे एक चाक आधीच घसरत असताना. बोटाने लावायचा लॉक अडथळ्याआधी, गाडी उभी असताना लावता येतो. आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखामध्ये पुढचा आणि मागचा, असे दोन्ही लॉक चालकाच्या हातात असतात, ती सोय मला याच कारणाने मोलाची वाटते. तुटफूट बहुधा त्या क्षणी होते, जेव्हा हवेत फिरणारे चाक अचानक खडकावर टेकते. म्हणून चाक उचलले गेले की ॲक्सिलरेटर सोडून द्यावा.

भोसरीचा_टर्नर:
शाफ्ट बाहेर काढाल तेव्हा त्यावर लांबीने एक सरळ रेघ रंगवून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा काढून पाहा. रेघ जरा जरी वळलेली दिसली, तर तो शाफ्ट परत बसवू नका.