मदत हवी आहे: भावंड म्हणतं मी गे, डॉक्टरांनी लिहिलं स्ट्रेट

रावपुरा_ताई:
नमस्कार मंडळी, बडोद्याहून लिहितेय. जरा लवकर सांगा, शनिवारी पुन्हा अपॉइंटमेंट आहे. माझं धाकटं भावंड ट्रान्स आहे. घरी बऱ्यापैकी रुळलंय, आईसुद्धा आता नवीन नावाने हाक मारते. पण मागच्या वेळी डॉक्टरांनी कागदावर 'हेटरोसेक्शुअल', म्हणजे स्ट्रेट, असं लिहिलं आणि तेव्हापासून घरात कोणी कोणाशी धड बोलत नाहीये. भावंडाचं म्हणणं, मी गे आहे, यांनी मला पुसूनच टाकलं. बाबा म्हणतात, एवढं शिकलेला माणूस चुकीचं कशाला लिहील? कोणाचं बरोबर? आणि कागद बदलून मिळतो का?

सूरसागर७१:
ताई, मुख्य गोष्टच राहिली. जन्माने मुलगा की मुलगी? आता स्वतःला काय मानतं? आवडतं कोण? आणि कागद कसला?

माळवी_मन्या:
इंदूरहून. गे म्हणतंय म्हणजे जन्माने मुलगा असणार हे उघड आहे. माझ्या ऑफिसातली एक सहकारी ट्रान्स स्त्री आहे, तिला पुरुष आवडतात. ती स्त्री, आवडतो पुरुष, म्हणजे स्ट्रेट. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच लिहिलंय. भावंडाला शांतपणे समजावून सांगा.

रावपुरा_ताई:
अहो, भाऊ आहे तो माझा! जन्माने मुलगी. त्याला मुलं आवडतात. मला वाटलं कळेल.

माळवी_मन्या:
मग माझंच सूत्र उलटं लावा. तो पुरुष, आवडतात पुरुष, म्हणजे गे. डॉक्टरांनी जन्माचं लिंग धरून हिशोब केला.

डॉ_सदाशिव:
मन्याभाऊंचं दुसरं उत्तर बरोबर आहे. कोणता शब्द लावायचा हे माणूस स्वतःला काय मानतो त्यावरून ठरतं. ट्रान्स स्त्रीला स्त्रिया आवडत असतील तर लेस्बियन. दोन्ही आवडणारे बायसेक्शुअल असतात, कोणाचंच आकर्षण नसलेले असेक्शुअल असतात, ट्रान्स माणसांत हे सगळे प्रकार आहेत. जुन्या पिढीच्या डॉक्टरांचा घोळ कुठून येतो तेही सांगतो. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या १९८० च्या वर्गीकरणात ट्रान्स व्यक्तींची होमोसेक्शुअल, हेटरोसेक्शुअल अशी पोटविभागणी होती आणि ती जन्मलिंगावरून करायचे. १९९४ साली त्याऐवजी 'पुरुषांकडे आकर्षण', 'स्त्रियांकडे आकर्षण' असं सरळ लिहायला लागले. २०१३ साली तेही काढून टाकलं, कारण उपचाराच्या निर्णयाशी त्याचा संबंधच नाही. तुमच्या डॉक्टरांचं शिक्षण कधीचं असेल याचा अंदाज येतो. बरं, ते मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? आणि सूरसागर यांनी विचारलं तेच, कागद कसला?

रावपुरा_ताई:
मानसोपचारतज्ज्ञ. हार्मोन सुरू करायला एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या डॉक्टरांकडे, द्यायचं पत्र आहे. भाऊ चोवीस वर्षांचा आहे, नोकरी करतो, सगळं स्वतःच्या पैशाने चाललंय. घरी मावशी येऊन एकच सांगते, मुलगेच आवडायचे होते तर मुलगीच राहायचंस, आम्ही चांगलं स्थळ बघून दिलं असतं. यावर मला काही बोलताच येत नाही.

दिंडी_दरवाजा:
मी स्वतः ट्रान्स पुरुष, आणि मलाही पुरुष आवडतात. तुमच्या मावशीचा प्रश्न माझ्या घरीही झाला, म्हणून थोडं लांबण लावतो. त्या स्थळाने ज्या मुलीशी लग्न केलं असतं ती मुलगी घरात नव्हतीच. नवऱ्याने 'माझी बायको' म्हणून जवळ घेतलं असतं तेव्हा तुमचा भाऊ तिथे कुठे असता? त्याला पुरुष हवा आहे तो पुरुष म्हणून. हे मावशीला एवढ्याच शब्दांत सांगा, मी माझ्या मामाला असंच सांगितलं होतं.
भाऊ इतका दुखावला त्यालाही मागचा इतिहास आहे. अमेरिकेत लू सुलिव्हन नावाचा ट्रान्स पुरुष होता. त्याला पुरुष आवडतात म्हणून स्टॅनफर्डच्या क्लिनिकने १९८० मध्ये त्याला उपचार नाकारले. खरा ट्रान्स पुरुष बायकांवरच प्रेम करणार, असं तेव्हाच्या तज्ज्ञांनी धरून ठेवलं होतं. त्याने दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली, १९८६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ट्रान्स पुरुषांचा गट सुरू केला, डॉक्टरांशी अखेरपर्यंत भांडला. १९९१ मध्ये एड्सने गेला. आम्ही आज 'गे ट्रान्स पुरुष' म्हणू शकतो त्यात त्याचा वाटा आहे.

शांतिप्रिय:
माझं वेगळं मत. ही लेबलंच भांडणाचं मूळ आहेत. माणूस म्हणून जगा, कशाला गे आणि कशाला स्ट्रेट?

दिंडी_दरवाजा:
स्ट्रेट माणसाला हे म्हणणं सोपं जातं, त्याचं लेबल न लावताही सगळे ओळखतात. इथे लेबल डॉक्टरांनी लावलंय, तेही चुकीचं.

शांतिप्रिय:
मी काही वाईट हेतूने बोललो नाही.

दिंडी_दरवाजा:
हेतूवर शंका नाही. पण त्याने स्वतः निवडलेला शब्द त्याच्याकडून काढून घेऊ नका.

दांडियाबाजार_काका:
बडोद्यात हे नवीन नाही हो. भूपेन खख्खर इथेच राहिले, चार्टर्ड अकाउंटंट आणि एवढे मोठे चित्रकार, स्वतः गे असल्याचं त्यांनी लपवलं नाही. शिवाय बहुचरा मातेला मानणारे किन्नर आपण पिढ्यानपिढ्या बघत आलोय.

सूरसागर७१:
काका, खख्खर ट्रान्स नव्हते आणि ताईंचा भाऊ किन्नर समाजातला नाही. तीन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्स व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालातही लिंगओळख आणि लैंगिक कल वेगवेगळे सांगितलेत, आणि लिंगबदलाच्या प्रक्रियेत कल बदलेल किंवा बदलणारही नाही असं म्हटलंय. ताई, हे बाबांना वाचायला द्या, शिकलेल्या माणसाचाच शब्द हवा असेल तर न्यायमूर्तींचा घ्या.

वकील_वडोदरा:
एक मुद्दा कोणी काढला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या समलिंगी लग्नाबद्दलच्या २०२३ च्या सुप्रियो निकालाप्रमाणे ट्रान्स व्यक्तीचं भिन्नलिंगी लग्न सध्याच्या कायद्यात बसतं. भावाच्या कागदांवर 'पुरुष' आलं आणि जोडीदारही पुरुष असला तर ते समलिंगी नातं ठरेल, त्या लग्नाला मान्यता नाही. म्हणून माझा सल्ला, कागद बदलायची घाई करू नका.

दिंडी_दरवाजा:
म्हणजे कधीतरी होईल न होईल अशा लग्नासाठी रोज बँकेत, विमानतळावर बाई म्हणून उभं राहायचं? माझे कागद मी बदलले. मला ते पटत नाही, वकीलसाहेब.

वकील_वडोदरा:
पटवायचं नाहीये. परिणाम आधी माहीत असावा.

रावपुरा_ताई:
लग्नाचं कोणी विचारलंच नाही! शनिवारी काय करू ते सांगा ना.

डॉ_सदाशिव:
शनिवारी एवढंच मागा. हार्मोनच्या पत्रात लैंगिक कल लागत नाही, ट्रान्स आरोग्यावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची जागतिक संघटना डब्ल्यूपॅथ, तिच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तशी अट नाही. ती ओळ काढून नवीन पत्र द्या, किंवा लिहायचीच तर 'ट्रान्स पुरुष, पुरुषांकडे आकर्षण' असं लिहा, असं सांगा. दोन्हींतलं काय हवं ते भाऊ ठरवेल, तुम्ही नाही आणि बाबाही नाहीत. नोंदींची प्रत मागण्याचा हक्क मानसिक आरोग्य कायदा २०१७ देतो. डॉक्टरांनी कल 'सुधारण्याची' भाषा केली तर उठून या, राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय.
न विचारलेलं एक सांगतो, कारण हे पोरांना कोणी सांगत नाही. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे त्याला मिळणारं पुरुषी हार्मोन, हे गर्भनिरोधक नाही. पाळी थांबली तरी दिवस राहू शकतात आणि ते औषध गर्भाला घातक असतं. जोडीदार पुरुष असेल तर हे बोलणं एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे झालंच पाहिजे. पत्रात 'स्ट्रेट बाई' लिहिलेलं असो किंवा काहीच नसो, तिथे त्याने तोंडाने सांगावं.

माळवी_मन्या:
हार्मोननंतर आवड बदलते म्हणतात, मग एवढा आटापिटा कशाला?

डॉ_सदाशिव:
काहींना बदलल्यासारखी वाटते, बऱ्याच जणांची तीच राहते. बदलली तर तेव्हा तो सांगेल.

रावपुरा_ताई:
त्याला धागा दाखवला. ओळ काढायची नाही, दुरुस्तच करून हवी म्हणतो. सुलिव्हनचं दोनदा वाचलं त्याने. भीती एकच, डॉक्टर चिडून पत्रच नाही म्हणाले तर?

दिंडी_दरवाजा:
तर दुसरे डॉक्टर. बडोद्यात लक्ष्य ट्रस्ट ही संस्था आहे, २०२० मध्ये सुरू झालेलं तिथलं गरिमा गृह, म्हणजे ट्रान्स व्यक्तींचं निवारागृह, तेच चालवतात. तिथे विचारा, कोण नीट वागतं हे त्यांना माहीत असतं. आणि शनिवारी बाबांनाही बरोबर न्या.

ग्वाल्हेर_नीता:
इथे असे कोणी डॉक्टर आहेत का? मुलीसाठी विचारतेय.

सूरसागर७१:
नीताताई, नवीन धागा काढा, आणि वय, गाव, काय हवंय ते पहिल्याच पोस्टमध्ये लिहा.